जपानी भगत

गेल्या आषाढात आमच्या शहापूरच्या घरी एक जपानी भगत मुक्कामाला आला. आला तो माझ्या कन्येच्या मोबाईलमधून, आणि बोलत होता इंग्रजी. म्हणजे धंदा भुताखेतांचा, वाहन मोबाईलचे आणि वाणी इंग्रजी! मराठीच्या प्राध्यापकाच्या उंबरठ्यावर याहून वाईट शिफारशी घेऊन आजवर कोणी उभे राहिले नसेल. त्याला दारातूनच परत लावायचे मी ठरवले होते. तो अजून गेलेला नाही, आणि आता तो जाऊ नये असे मला वाटते. हे कसे घडले ते सांगायचे तर घरातल्या काही गोष्टी चव्हाट्यावर आणाव्या लागतील. त्याला इलाज नाही.

आमचे बिऱ्हाड चार माणसांचे. मी, सौभाग्यवती, अकरावीत गेलेली कन्या आणि माझी आई. आई मुरबाड तालुक्यातली, काळू नदीकाठच्या एका लहानशा गावातली. वडील गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, मी तिला शहापुरास आणले. वय अठ्ठ्याहत्तर, दात शाबूत, डोळे बरे, चालणे माझ्यापेक्षा चपळ. फक्त कान गेले. तेही एकदम गेले नाहीत. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी जाते तसे गेले. आज एक पायरी उघडी पडली, महिन्याने दुसरी.

नात आणि आजी एका खोलीत निजतात. एके रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर त्या खोलीच्या फटीतून निळसर उजेड येत होता. आत पाहिले. आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली, आणि पोरगी पांघरुणाचा तंबू करून मोबाईल पाहत बसलेली. मी तिच्या कानातली एक गोळी काढून स्वतःच्या कानाला लावली. पडद्यावर डोंगरातली एक झोपडी, समोर भाताची खाचरे, आत चूल पेटलेली. चुलीपाशी एक पांढऱ्या केसांचा तरुण बसला होता. एक डोळा हिरवा, दुसरा झुलपांखाली झाकलेला. तोंडात विडीसारखे काहीतरी. बाजूला पाठीवर वाहायची, कप्प्याकप्प्यांची लाकडी पेटी. अगदी आमच्या मुरबाडकडचाच कोणीतरी म्हणावा असा तो देखावा! आणि या झोपडीत बसून हा गृहस्थ अस्सल अमेरिकन थाटाचे इंग्रजी बोलत होता.

"हा काय प्रकार?" मी विचारले.

"मुशीशी," कन्या म्हणाली. "जपानी ॲनिमे आहे. हे इंग्लिश डब."

भुतांच्या गोष्टींना माझा आक्षेप नाही. भुतांच्या गोष्टींवरच मी वाढलो. माझा राग त्या उसन्या आवाजावर होता. जपानी माणसाच्या तोंडात अमेरिकेतला आवाज कोंबायचा आणि तो शहापूरच्या पोरीने रात्री अकरा वाजता ऐकायचा, यात कोणाचे काय कल्याण आहे? पाहायचेच असेल तर मूळ जपानीत पाहावे, खाली अक्षरे येतात ती वाचावीत. डब केलेले चित्र म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी भाकरी खाणे, असे मी तिला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सुनावले. वाक्य मला बरे वाटले. वर्गात वापरण्यासारखे होते.

कन्या शांतपणे म्हणाली, "मग तुमचा शेरखान?"

हे मर्म होते. १९९३ साली मी तेरा वर्षांचा होतो आणि रविवारी सकाळी आमच्या गावातली सारी पोरे एका घराच्या पडवीत दाटीवाटीने बसून दूरदर्शनवर मोगली पाहत असत. तो हिंदी बोलत असे. शेरखान बोलायला लागला की पडवी गप्प व्हायची, कारण तो नाना पाटेकरांचा आवाज होता. ती मालिका १९८९ मध्ये जपानात तयार झाली होती, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. आमच्या मते ते जंगल माळशेज घाटाच्या खालचे होते. त्यात वादच नव्हता. एवढेच कशाला, युगो साको या जपानी माणसाने आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन रामायणावर जो चित्रपट १९९३ च्या सुमारास पुरा केला, त्यातले राम-सीता सुरुवातीला बोलले ते इंग्रजीतच. मध्ये गाणी तेवढी संस्कृत, वसंत देवांनी लिहिलेली. अरुण गोविलांचा हिंदी आवाज रामाला नंतर मिळाला. हा चित्रपट २०२५ च्या जानेवारीत पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा मीच हौसेने सगळ्यांना घेऊन कल्याणला गेलो होतो. कन्येने ही सगळी यादी माझ्यासमोर मांडली आणि वर म्हणाली, "आणि बाबा, मूळ जपानी म्हणता, तेही डबच असतं. आधी चित्र तयार करतात आणि मग माणसं माइकसमोर उभी राहून त्याला आवाज देतात. आफुरेको म्हणतात त्याला. आफ्टर रेकॉर्डिंग."

मी हे खोटे पाडण्यासाठी दोन दिवस वाचत बसलो. ते खोटे नव्हते. चित्रातल्या माणसाला मुळात आवाजच नसतो. त्याला पहिला आवाजही उसनाच मिळतो. मग टोक्योतला उसना आवाज अस्सल आणि टेक्सासातला उसना आवाज भ्रष्ट, हे कोणत्या न्यायाने म्हणायचे? वादात हरल्यावर प्राध्यापक जे करतात तेच मी केले. "बघू तरी काय आहे ते," असे म्हणून तिच्याशेजारी बसलो.

ही मालिका युकी उरुशिबारा या लेखिकेच्या चित्रकथांवरून केलेली. कथा १९९९ पासून जपानी मासिकात येत होत्या. सव्वीस भागांची मालिका २००५ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन २००६ च्या जूनमध्ये संपली. इंग्रजी आवाज टेक्सासातल्या फनिमेशन कंपनीने २००७ मध्ये दिले. नायक गिंको, त्याचा इंग्रजी आवाज ट्रॅव्हिस विलिंगहॅम नावाच्या नटाचा. मुशी म्हणजे जपानीत किडा. पण या कथांतल्या मुशी किडे नव्हेत, भुतेही नव्हेत. झाड नाही, जनावर नाही, अशी जीवनाच्या अगदी मुळाशी असलेली काहीतरी सजीव वस्तू. बहुतेकांना ती दिसत नाही. ती मुद्दाम कोणाचे वाईट करत नाही, चांगलेही करत नाही. ती आपली जगत असते, आणि तिच्या जगण्यात माणूस सापडला की माणसाला त्रास होतो. गिंको गावोगाव हिंडून अशा माणसांना सोडवतो. एका जागी त्याला फार काळ राहता येत नाही, कारण मुशी त्याच्याभोवती गोळा होतात. विडीचा धूर त्यांना दूर ठेवायला. शीर्षकगीत मात्र मूळ जपानी आवृत्तीतही इंग्रजीच आहे, एका स्कॉटिश गायकाचे! तेव्हा शुद्धतेचा माझा मुद्दा पहिल्याच मिनिटाला निकालात निघाला.

पहिल्या भागात एक मुलगा आहे. तो डाव्या हाताने कागदावर काही काढतो, आणि काढलेले जिवंत होते. त्याने लिहिलेले अक्षर वळवळते, पंख फुटून कागदावरून उडून जाते. मी फळ्यावर अठरा वर्षे अक्षरे काढतो आहे. ती जिथल्या तिथे असतात, आणि समोरची पोरे उडून जातात. तो भाग मी पुन्हा एकदा पाहिला. कन्येला न सांगता.

इथपर्यंत ही एका मास्तराच्या पराभवाची गंमत होती. पुढचे सांगताना मला थोडे जड जाते.

आईच्या कानांसाठी आम्ही यंत्र आणले होते. चांगले महागाचे. डॉक्टरांनी समजावले होते की वयाने कान जातात तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात. स, श, फ, त हे ऐकू येत नाहीत, जाड आवाज उरतो. म्हणून माणसाला वाटते की लोक बोलतात पण पुटपुटतात. "ओरडू नका, खालच्या पट्टीत, सावकाश, कानाजवळ बोला," असे ते म्हणाले होते. यंत्र आईने पंधरा दिवस लावले. मग एक दिवस ते तिच्या पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीशेजारी सापडले. मी रागावलो. ती म्हणाली, "त्याच्यात समदी मानसं पत्र्यावर बोलल्यावानी बोलतात. तुझा आवाज तुझा वाटत नाय."

मी तो विषय तिथेच सोडला. आणि, खरे सांगायचे तर, हळूहळू तिच्याशी बोलणेही सोडले. भांडून नव्हे. रोज दोन वाक्ये उरली: जेवलीस का आणि गोळी घेतलीस का. तीही निम्मी खुणांनी. दिवसभर मी चार वर्गांत चार तास बोलतो, सभांत बोलतो, बोलण्याचाच पगार घेतो. घरी आल्यावर घसा बसला आहे अशी माझी सबब होती. ती सबब मलाही पटली होती.

श्रावणातल्या एका रात्री वीज गेली. शहापुरात पावसात वीज जाणे ही बातमी नव्हे. ज्या तालुक्यात भातसा आणि तानसा भरून वाहतात आणि मुंबईला पाणी जाते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तिथे विजेचे काय घेऊन बसलात! मी अंधारात मेणबत्ती शोधत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज ऐकू आला, आणि मी हातातली काडी न ओढता उभा राहिलो. आवाज माझ्या मुलीचा होता, पण बोलणे तिचे नव्हते.

"आजी, त्या गावात बर्फ पडतो. बर्फ म्हंजे कापूस पिंजून टाकल्यावानी. त्यानं समदा आवाज खाऊन टाकला. मंग काय झालं, लोकांना एका कानानं आयकू येईना."

"माझ्यावानी?"

"तुझ्यावानी. मंग गिंको तिथं आला."

"कोन आला?"

"गिंको. मुशीशी."

"मुशीशी काय? भांडतो?"

मला अंधारात हसू फुटले. आमच्याकडे मुशी म्हणजे समुद्रातला मासा. सुकी मुशी बाजारात मिळते. एक माणूस गावोगाव जाऊन माशाशी भांडतो, अशी आईची समजूत झाली होती. पण पोरीने न हसता सगळे समजावले. मुशी म्हणजे काय ते सांगताना मात्र ती अडखळली. झाड नाय, जनावर नाय, भूत नाय... मग काय?

आईनेच तिला सोडवले. "चकवा," ती म्हणाली. "चकवा कुटं भूत असतो? तो काय मारीत नाय, धरीत नाय. त्याच्या वाटंत आपुन जातो."

इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही समीक्षकाच्या पुस्तकात वाचलेली नाही. आणि मग तिने गोष्ट सांगितली. माझे वडील एकदा म्हशाच्या जत्रेहून, पौषी पुनवेला, नवी घोंगडी खांद्यावर टाकून रात्री एकटेच निघाले. चांदणे दिवसासारखे पडलेले, पायाखालची वाट. तरी एकाच मोहाच्या झाडाशी ते तीनदा येऊन पोचले. चौथ्यांदा त्यांनी झाडाखाली बसकण मारली, घोंगडी उलटी पांघरली आणि विडी पेटवली. विडी संपेपर्यंत वाट आपल्या जागी परत आली होती. "तुझा गिनकू विडी वढतो म्हनालीस ना? मंग बरोबर हाय. भगत हाय तो."

ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली होती. तीस वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. आणि माझ्या मुलीला ती सांगताना आईचा आवाज जसा होता, तसा माझ्याशी बोलताना तो कितीतरी दिवसांत नव्हता.

मी दाराआडून ऐकत राहिलो. तो मालिकेतला तिसरा भाग होता. कानातला आवाज खाणाऱ्या मुशीचे नाव उन. गिंको मीठ घातलेले पाणी कानात सोडतो आणि उन विरघळून जातात. पण गावच्या प्रमुख बाईचा एक नातू आहे, माहो नावाचा. त्याचे दुखणे उलटे. त्याच्या कानांत शिरली आहे अ नावाची मुशी. ती शांतता खाते. म्हणून त्याला नको ते सगळे ऐकू येते, डोक्याला शिंगे फुटली आहेत, आणि तो अंगाने झिजत चालला आहे. त्याची आई याच दुखण्याने गेली. जाताना ती कानांवर हात दाबून बसत असे. (माझ्या आईच्या तोंडी एव्हाना माहोचा म्हादू झाला होता.)

यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती व्याकरणाची. जपानी वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते. इंग्रजी करणाऱ्यांना ते उचलून मध्ये न्यावे लागते, आणि वर पडद्यावरचे ओठ उघडतील-मिटतील त्या मापात सगळे बसवावे लागते. मोठे जिकिरीचे काम. आता माझी मुलगी ते इंग्रजी वाक्य ऐकून आजीच्या बोलीत आणताना क्रियापद मुकाट्याने परत शेवटी नेऊन ठेवत होती. टेक्सासला जाऊन आलेला गिंको काळू नदीच्या काठी पोचेपर्यंत पुन्हा होता तसा झाला होता.

अ आणि उन ही नावे ऐकून मात्र माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. मेणबत्ती पेटवून मी आत गेलो. "तुम्हाला ठाऊक आहे का," मी म्हटले, "अ आणि उन हे आपले वर्ण आहेत! अ म्हणजे आपला अकार, आणि उन म्हणजे हुं. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेले. आरंभ आणि शेवट. तिथल्या देवळांच्या दारांत दोन रक्षक असतात, एकाचे तोंड उघडे, एकाचे मिटलेले. एक अ म्हणतो, दुसरा उन. नारा शहरात तोदाइजीच्या दरवाजात १२०३ सालचे दोन प्रचंड पुतळे आहेत. शिंगोन पंथाच्या देवळांत आजही सिद्धम् लिपीत संस्कृत अक्षरे लिहितात. इतकेच काय, जपानी मुले जी मुळाक्षरे घोकतात, अ इ उ ए ओ, क स त न ह म य र व, तो क्रमसुद्धा आपल्या वर्णमालेवरून बसवलेला आहे!"

मुलगी खरोखर चकित झाली. "बाबा, भारी! आजीला सांगा ना."

मी आईकडे वळलो. घसा साफ केला. "आई, हे जे दोन वर्ण आहेत, ते मूळचे संस्कृतातले असून..."

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. वाक्य अर्ध्यावर असतानाच तिने नजर वळवली आणि नातीला विचारले, "काय म्हनतो ग तुझा बाप?"

पोरगी तिच्या कानाशी वाकली. "बाबा म्हनतात, ते दोगं आपल्याकडचंच हायत. हिकडून पायी पायी जपानला गेलं."

"तरीच," आई खुलली. "वळखीचं कसं वाटतंय म्हनलं. नानेघाटातनं गेलं?"

तिच्या जगातून बाहेर पडायची वाट नाणेघाटातूनच जाते. मी नाही म्हणणार होतो. मग आठवले की त्या घाटाच्या माथ्यावर गुहेत सातवाहनांच्या राणीचा ब्राह्मी लेख आहे, आणि जपानातली ती सिद्धम् लिपी ब्राह्मीच्याच वंशातली. मी मान डोलावली. म्हटले, हो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आईला माझे बोलणे कळायला मध्ये माणूस लागत होता. माझ्या ओठांची हालचाल आणि माझ्या मुलीचा आवाज. मी डब झालो होतो!

यात कानांचा दोष किती आणि माझा किती, हे मी पडल्या पडल्या मोजत होतो. गाव सोडून शिकायला गेलो त्या पहिल्या वर्षी वर्गात उत्तर देताना मी 'पानी' म्हणालो होतो. सबंध वर्ग हसला. शिकवणारेही हसले, माझ्या समजुतीने थोडेसे जास्तच. त्या दिवसापासून मी माझा ण घासायला घेतला. खोलीत दार लावून मोठ्याने वाचायचो. पाणी, लोणी, कोणी, आणि. दोन वर्षांत माझी वाणी अशी स्वच्छ झाली की मुरबाडचा कोणी ओळखू नये. पुढे आयला मी आई म्हणू लागलो. तिने तेही चालवून घेतले. घरी आलो की ती मला, "तू पुस्तकावानी बोलतोस रं," म्हणायची, कौतुकानेच. तिचे कान चांगले होते तोवर तिने ते पुस्तक कसेबसे वाचले. कान गेल्यावर तिने ते मिटून ठेवले.

आणि तिच्याशी मोठ्याने बोलायला मला घसा आड येत नव्हता. आमच्या सोसायटीत भिंती पातळ आहेत. शेजारी दोन सहकारी राहतात. आईला ऐकू जायचे तर तिच्या बोलीत, सावकाश, जाड आवाजात बोलायला हवे. आणि ते भिंतीपलीकडे जाईल. ही माझी खरी सबब होती. इतकी क्षुल्लक की मी ती स्वतःलाही कधी सांगितली नव्हती. वर्गात मी बोलींच्या समृद्धीवर दरवर्षी दोन तास देतो. परीक्षेला त्यावर हमखास प्रश्न असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जाहीर केले की तिच्या कानांतले उन मीठपाण्याने काढावेत. मीठ घालून पाणी तापवून तिने वाटी तयारही केली होती. सौभाग्यवतींनी ती वाटी वेळेवर उचलली म्हणून बरे! "अहो, हे तुमच्या लेकीमुळे," असे मला ऐकावे लागले. आई हिरमुसली. मुलगी तर रडवेली झाली. गोष्ट गोष्टच आहे हे आजीला सांगायचे राहून गेले म्हणाली. मला मात्र वाटते की आईला ते ठाऊक होते. ठाऊक असूनही माणूस वाटी भरून पाहतो.

मग पोरीला शेवट आठवला. माहोच्या आईने त्याला सांगितलेले असते की कानांवर तळवे दाब आणि ऐक. आत एक आवाज येतो. डोंगराच्या पोटातला तापलेला रस वाहतो तसा तो आवाज, असे ती माउली म्हणते. मुलाला मरणाच्या दारात हे आठवते, तो कान झाकतो, आपल्याच जिवंत हाताचा आवाज ऐकतो आणि शिंगे गळून पडतात. हे खोटे नाही. करून पाहा, कानांवर तळवे घट्ट दाबले की खोल घरघर ऐकू येते. हाताचे स्नायू ताणलेले असतात, त्यांचा तो आवाज. अगदी खालच्या पट्टीतला.

मुलीने आजीचे दोन्ही हात उचलून तिच्या कानांवर ठेवले आणि वरून आपले दाबले. आई बराच वेळ तशीच बसली. तिचे बारीक आवाज गेले आहेत, जाड उरले आहेत; मला आशा होती, पण खात्री नव्हती.

"जातं फिरतंय," ती म्हणाली.

मग डोळे मिटून पुन्हा म्हणाली, "नाचनी दळतंय कोन तरी."

गणपती झाल्यावर भात पाहायला म्हणून आईला गावी घेऊन निघालो. शहापूरहून किन्हवली, सरळगाव अशी एस.टी. गाडी भरलेली होती. आई खिडकीशी, मी शेजारी, आणि आमच्या सीटला टेकून उभा असलेला मुलगा माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला. "नमस्कार सर" झाले. त्याच्यामागे आणखी दोघी वर्गातल्याच. बाहेर माहुलीचा डोंगर ढगात बुडालेला. किन्हवलीच्या पुढे आईने कोरडे ओठ चाटले. पिशवीत बाटली होती.

नेहमी मी बाटली तिच्यापुढे धरतो. त्या दिवशी तिच्या कानाशी वाकलो. जाड आवाजात, सावकाश म्हटले, "आय, पानी पितेस का?"

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. कंडक्टरने मागे वळून पाहिले. माझा विद्यार्थी खिडकीबाहेर पाहू लागला. तोही तिकडचाच, त्याला बहुधा माझ्याहून जास्त संकोच वाटला असावा. आईने बाटली घेतली, दोन घोट प्यायली, पदराने तोंड पुसले.

"वरडतोस कशाला?" ती म्हणाली. "येतंय मला आयकू."

मग बराच वेळ ती बाहेरची शेते पाहत होती. सरळगावचा फाटा जवळ आला तसा तिने माझा दंड धरून मला खाली ओढले.

"त्या गिनकूचा येक डोळा कसा गेला रं?"

तो भाग मी अजून पाहिलेला नव्हता. तसे मी तिला कानात सांगितले, तर म्हणाली, "मंग बघून ठेव."